पाच पट्टे

गाडीचं नुसतं दार दाखवा,
मी सांगतो रंग कुठला, कुठल्या साली बंद झाला,
उन्हानं किती उडालाय.
ग्दिनियाच्या बंदरामागे माझं गॅरेज,
बावीस वर्षं हातात स्प्रे-गन.
पण काउंटरमागच्या पोरीनं विचारलं,
"मुलीचा वर्ण कसा आहे?"
आणि माझी दातखीळ बसली.

गोरी, म्हणालो.
ती हसली. इथे सगळेच गोरे.
गुलाबीकडे झुकणारी की पिवळसर?
मनगटाच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या?

शिरा.
यागोदाच्या शिरा मी शेवटच्या पाहिल्या
ती सहा वर्षांची होती, सलाइन लावलं तेव्हा.
मग मनगट गेलं बाहीत,
बाही गेली दाराआड,
दारावर आला कागद: आधी टकटक करा.

बोझेना असती तर हे काम तिचं.
ती ब्रेमेनला, परक्या म्हातारीचं हगणंमुतणं काढते,
दोन महिने तिकडे, तीन आठवडे इकडे.
फोनवर म्हणाली, चौदावं लागतंय, मेकअपचं काहीतरी घे.
भडक नको.
आणि स्वस्तातलं नको, खाज सुटते.
मागे म्हातारी खोकली
आणि फोन बंद.

भडक नको म्हणजे किती नको?
पोरीनं पुढे सरकवली अठ्ठेचाळीस रंगांची पेटी,
झाकणावर फुलपाखरू, आत आरसा.
मी नखानं एक रंग खरवडला. नुसता खडू.
नको, म्हटलं.
मग तिनं प्रायमरची बाटली काढली
आणि माझ्या जिवात जीव आला:
आधी प्रायमर, मग बेस, मग रंग, वर लॅकर!
"तुम्ही मेकअप करता?"
"हो. गाड्यांचा."

ब्रश मात्र मीच निवडला.
केस वाकवून पाहिले, ओढून पाहिले,
गालावर फिरवला. शेजारच्या बाई बघत राहिल्या.
बघू देत.
मस्कारा घेतला, काळा नाही, तपकिरी.
चेहऱ्याला लावायचं ते राहू दिलं.
वर्णच ठाऊक नाही, तर अंदाजानं कशाला?
आणि ओठांसाठी पाच कांड्या
मुठीच्या मागल्या बाजूला ओढून पाहिल्या,
थिनरनं भेगाळलेल्या कातडीवर
पाच पट्टे.
चौथा घेतला. ओल्या विटेसारखा, जरा दबलेला.
बिलावर लिहिलं होतं: चौदा दिवसांत बदलून मिळेल.

खोका पान्यांच्या पेटीत लपवला.
हात धुवायचा राहिला.

रात्री सूप वाढत होतो
तर यागोदानं माझं मनगटच धरलं.
"हे काय?"
"काम."
"पाच गाड्या? पाचही लाल?"

मी पळी धरून उभा, चोर पकडल्यासारखा.
ती वाकली. केसांना पोहण्याच्या तलावाचा वास.
एकेक पट्टा वाचत गेली, ओठ न हलवता.
मग बाही कोपरापर्यंत सारली
आणि आपलं मनगट माझ्या हाताशी लावलं,
नमुन्याची पट्टी दाराशी लावून बघावी
तसं, दिव्याखाली.

निळ्या आहेत.
अंगठ्याच्या बुडाशी एक मात्र हिरवट.

"हा," ती म्हणाली.
बोट दुसऱ्यावर.

चौथा खाली पान्यांमध्ये पडलेला.
मी एवढंच म्हणालो,
"कुठलाही असो, थर पातळ द्यायचा.
वाळू द्यायचा. घाई केली की ओघळतो."

"माहितीये, बाबा,"
आणि दुसऱ्या पट्ट्यावरचं बोट न काढता
डाव्या हातानं, सांडत,
सूप प्यायला लागली.