एकशे तीस अंश

ही माती वाळत नाही.
पाण्याशी हिचं काही देणं-घेणं नाही.
बापट कॅम्पातल्या इंद्राबाई कुंभारणीनं
चिमूटभर हुंगून बघितली :
"कुठल्या शेतातली म्हणायची ही, पोरी?"
कुरिअरच्या खोक्यातली, मावशी.

थंडीत दगड होते.
मग मांडीखाली घेऊन बसायचं, तळव्यात चोळायची,
शेवयांच्या यंत्रातून घडी घालून घालून
वीसदा काढायची.
(त्या यंत्राला आता शेवया वर्ज्य.
सासूबाई अजून दर सणाला विचारतात.)

मामंजींनी गुजरीत चाळीस वर्षं
साजाची पानं ठोकली.
त्यांच्या पितळी ठशांना कॉर्नफ्लोअर फासून
मी दाबते मासा, भुंगा, कासव, कारलं.
सोनं नाही, सोनेरी पूड,
मऊ ब्रशनं, श्वास रोखून.

एकशे तीस अंश, अर्धा तास.
पहिल्या घाण्याला घाई केली, दीडशे लावले :
कमळं करपली,
वरच्या मजल्यानं खिडक्या लावून घेतल्या.

भाजून निवलं की पाण्यात पॉलिश पेपर,
चारशे, आठशे, हजार.
बोटांचे ठसे पुसून जातात.

मामंजींच्या बोटांना ठसेच उरले नव्हते,
आधारच्या यंत्रानं तीनदा नाकारलं त्यांना.
"घासण्यात गेले," म्हणाले, आणि
शर्टाला बोटं पुसून चौथ्यांदा ठेवली.

एका कासवाच्या पोटावर
माझा अंगठा तसाच ठेवलाय.
महाद्वार रोडवरच्या गिऱ्हाइकानं उलटून बघितलं :
"इथं डाग आहे."
म्हटलं, आहे.
दहा रुपये कमी द्या.