तिसरा सिलिंडर

रात्रीचे अकरा, आणि उजेड अजून
फ्योर्डवरून घरी जायचं नाव काढत नाही.
गॅरेजचं शटर अर्धं वर. मांडीवर लॅपटॉप.
त्याची केबल डॅशबोर्डाखाली गेलेली,
वैद्याची बोटं मनगटावर असावीत तशी.

गाडी दोन माणसांची, छत कापडाचं,
वय सत्तावीस, माझ्याहून चारनं लहान.
स्वस्तात मिळाली. बर्फावर टाकलेल्या मिठानं
तिच्या कडा खाल्ल्या होत्या, त्या मी हिवाळाभर
कापत, जोडत, घासत बसले.
नवा कॅमशाफ्ट, हलकं फ्लायव्हील, मोकळा एक्झॉस्ट,
आणि वाढले किती, तर अठरा घोडे.

शेजारच्या आस्गेइरची नवी गाडी
(चार दारं, मागं बाळाची खुर्ची)
दूध आणायला जाताना चारशे घोडे जुंपते
आणि टापांचा आवाज म्हणून येत नाही.
बहीण हसते: तीन महिन्यांचा पगार, अठरा घोड्यांसाठी?
हो गं. पण माझ्या अठराही जणांना
मी नावानं हाक मारू शकते.

पंपासाठी कंपनीला लिहिलं होतं.
उत्तर आलं, अतिशय नम्र:
तो भाग आता बनत नाही,
तो बनवणारा विभागही आता नाही,
आपल्या निष्ठेबद्दल आभार.
निष्ठा कसली. मी स्वतः फेरीबोटीवर इंजिनियर आहे,
इंजिन नसलेल्या बोटीवर.
धक्क्याला लागलो की किनाऱ्यावरून एक हात येतो,
प्लग लावतो, दहा मिनिटं.
प्रवाशांना पूर्वी कधी न ऐकलेले
समुद्रपक्षी ऐकू येतात.
मलाही येतात. मला आवडतात.
हे गॅरेजमध्ये कुणाला सांगत नाही.

तर आज रात्री: चार हजारांपर्यंत सुरेख,
मग एक ठेच. पुन्हा सुरेख. पुन्हा ठेच.
इंधन वाढवलं. ठिणगी दोन अंश मागं घेतली.
आलेख सरळ, गाडी लंगडी.

आणि दारात गुडवेग, वय शहाऐंशी,
झोपायच्या गाऊनवर मासेमारीचं जाड जाकीट.
मी चावी फिरवून बंद केलं: माफ करा, खूप आवाज—
ती हातानं कानाकडे खुणावली. यंत्र घरीच ठेवलंय.
आवाज नाही, म्हणाली, जमीन.
माझ्या पलंगाला कळलं, कुणीतरी लंगडतंय.

एकोणीस वर्षं ती हेरिंगच्या बोटीवर होती,
इंजिनाच्या खोलीत, जिथं कान पहिल्या दोन वर्षांत जातात
आणि उरलेली सतरा तळपायांनी ऐकावं लागतं.
चपला काढून ती काँक्रीटवर उभी राहिली.
लाव, म्हणाली. चार हजार. धर तिथंच.
आता एकेकाची वायर काढ.

पहिली काढली, तिनं तोंड वाकडं केलं.
दुसरी, तसंच.
तिसरी काढली, आणि तिच्या तोंडावरची
सुरकुतीसुद्धा हलली नाही.
घोडं तिथं पेंड खात होतं.
प्लगच्या चिनी मातीला केसाएवढी चीर,
नवाकोरा प्लग, परवाच बसवलेला.
लॅपटॉप बिचारा झाकून ठेवला.

मग ती न विचारता शेजारच्या सीटवर बसली.
घाटाची सात वळणं, छत उघडं,
सहा हजारांवरही ठेच नाही,
आणि तिचे अनवाणी पाय फरशीवर घट्ट,
डोळे मिटलेले, जणू कुणी हळू आवाजात
फार लांबची बातमी सांगतंय.

वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं.
खाली आमची फेरी, दिवे लावून, चार्जिंगला.
गुडवेग बराच वेळ काही बोलली नाही.
मग व्यवहाराचं विचारलं:
गावातला पंप तर बंद झाला ना,
तिथं बन विकतात आता. तू पेट्रोल कुठून आणतेस?

पलीकडून, मी बोट दाखवलं.
शनिवारी गाडी घेऊन जाते.
फेरीनं.