तळटीप क्रमांक सात

पर्वरीच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
(लिफ्ट दुरुस्तीत, पाटी जुनी झालेली)
माझ्या टेबलावर फाइल आली:
दुकानं, बँका, तावेर्नं, सगळ्यांना उतार सक्तीचा केला
तर पडेल किती, आणि मिळेल किती.
डावीकडे खर्च, उजवीकडे लाभ.
मुदत वीस वर्षं. वटाव आठ टक्के.

डावा रकाना काय, भराभर भरला.
चिरे, सिमेंट, कठड्याचा पाइप, गवंड्याची हजेरी.
फुटाला बारा फूट हा नियम;
म्हणजे दीड फुटाच्या तीन पायऱ्यांना अठरा.
केपेंच्या बाजारात कायतान रिबेलोनं
टेपचं एक टोक मला धरायला लावलं
आणि दुसरं घेऊन चालत सुटला,
बाहेरची दोन टेबलं, सोड्याचे क्रेट, झोपलेलं कुत्रं ओलांडून.
"लिही," तिकडून ओरडला, "दोन टेबलं गेली!
आणि चाकाच्या खुर्चीतून येतो कोण इथं?
तीस वर्षांत एक नाही."
मी लिहिलं.
शून्य लिहायला वेळ लागत नाही.

उजव्या रकान्यासाठी सुलक्षा च्यारीकडे गेलो.
काजूवाल्यांचे हिशेब लिहिते ती, खुर्चीत बसून,
आणि स्वतःचाही, वेगळ्या वहीत, रबर लावलेल्या.
वही माझ्यापुढे सरकवली:

बँक. हयातीचा दाखला.
रिक्षा, जाऊन येऊन, दोनशे ऐंशी.
भावाचा खाडा, साडेसातशे.
पायऱ्या पाच, उचलणारे चार, त्यांचा चहा साठ.
मॅनेजर स्वतः बाहेर आले,
'तुम्ही कशाला त्रास घेतलात' म्हणाले:
त्यापुढे, रकमेच्या जागी, एक रेघ.

"ही रेघ?"
"रुपयात येईना," ती म्हणाली. "मग रेघ मारली.
चुकलं का?"

वटाव म्हणजे काय ते मी समजावू लागलो;
तिला ठाऊक होतं. तिनं कॅल्क्युलेटर ओढला.
"वीस वर्षांनंतरचा रुपया आज एकवीस पैसे.
म्हणजे साठीला मी बँकेत शिरले
तर ते एकवीस पैशांचं शिरणं."
जरा थांबली.
"आणि आज शिरले तर?"

मी पाणी प्यालो.

पुढं पोस्टाला एक उतार झाला, नमुन्यादाखल.
दिवसभर समोरच्या कट्ट्यावर बसून मी मोजलं.
चाकाची खुर्ची: एक.
पोदेर, सायकलीसकट, पावांची टोपली न उतरवता.
गॅसवाला, सिलिंडर गडगडवत.
आंधळ्या नवऱ्याचा हात धरून आलेली मासळीवाली,
पहिल्यांदाच 'पायरी, पायरी' न म्हणता.
दुपारी कायतान. हातगाडीवर सोड्याचे क्रेट,
पोस्टातून आरपार मागच्या गल्लीत,
माझ्याकडे न बघता.
संध्याकाळी उठताना माझा गुडघा वाजला
आणि मीही तिथूनच वर चढलो, काही काम नसताना.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?

साहेब म्हणाले, किस्से आहेत हे, आकडे नव्हेत.
तळटीपेत टाका.
टाकली. क्रमांक सात, आठ पॉइंटात,
भिंगाखाली मुंगी दिसावी तशी.
वहीचं पानही जोडलं, तक्ता करून,
बेरीज एक हजार नव्वद.

महिन्यानं सुलक्षाचा फोन.
अहवाल वाचला होता तिनं, तळटिपांसकट.
"बेरीज बरोबर आहे," म्हणाली,
"पण माझ्या रेघेचं शून्य कुणी केलं?"

संगणकानं, मी सांगितलं.
त्याच्या हिशेबात रेघ म्हणजे शून्यच असतं.

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज.
मग वहीचं पान उलटल्याचा.
"बरं," ती म्हणाली,
"पुढल्या खेपेला अक्षरी लिहीन."