कवडी

साहेब डब्यावरचा आकडा वाचायचे.
जंगू आत्राम झाडलेल्या गोळ्या वाचायचा.
चितळ सोलून झालं की फासळीमागं बोट घालून
शिसं हुडकायचा, लोट्यात धुवायचा,
धुऱ्यावरच्या दगडावर मांडायचा.

"ही ऐंशी पावलांवरची. फुटलं बोंड.
चार पाकळ्या, देठ शाबूत.
अन् ही तीनशेवरची. लांबून आली, थकली,
आत शिरली पण उकललीच नाही.
कवडी."

कवडी म्हणजे काय
हे पांढरकवड्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.
वेचताना बोटाला टोचतं ते बोंड,
मिटलेलं, आतून काळं.

"लांबचं मारायचं तर मऊ नाकाची घ्या, साहेब.
मंदावली तरी उकलते.
कडक टोपीची नुसती देखणी."
वणीच्या दुकानात देखणी स्वस्त होती.
साहेबांनी दोन डबे घेतले.

त्या पौषात एक सांबर
तीनशे पावलांवर थरकलं
आणि चालत राहिलं.
जंगू मागावर तीन दिवस.
नाल्यात सापडलं तेव्हा कान हलत होता.
कुऱ्हाडीचं त्यानं कधी सांगितलं नाही.

गोळी नव्हतीच आत. आरपार.
तरी तो दगडापाशी बसला,
लोट्यात पाणी घेऊन,
धुवायला काही नसताना.

पुढं कायदा आला, रायफल ठाण्यात गेली.
दगड आहे.
वेचणीच्या बाया त्यावर डबे ठेवतात.
रात्री रोही पऱ्हाटी खाऊन जातात
पाठमोरे,
अगदी जवळून.