दुसरा च

पादरा तालुक्यात, तंबाखूच्या शेतात,
वीस मीटर खोल भोक, तळाशी दारू, वर चिखलाचा बूच.
एवढ्या खोल फुटलं की वर नुसता धप्प.
बैल एकदा कान हलवतो, पुन्हा चरायला लागतो.

मी तिथे नसते. मी मकरपुऱ्यात, एसीत शाल पांघरून.
माझ्यापर्यंत रेघा येतात फक्त,
सव्वादोन सेकंदांत जमिनीत जाऊन परतलेल्या.

गाळ, चिकणमाती, वायूने फुगलेली वाळू,
कोळशाचा हातभर थर:
जाताना प्रत्येकजण दलाली कापतो, येताना पुन्हा.
आधी बारीक आवाज जातात, ऐंशी हर्ट्झ, साठ,
मग जे उरतं ते जाड, घोगरं,
सर्दी झालेल्या माणसासारखं.
आणि सगळ्यात खाली, जिथून ते वळतं,
दख्खनचा काळा दगड.
हो, इथेही. बडोद्याखालीसुद्धा.

क्यू म्हणजे काय, मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.
दिघेसाहेब म्हणाले, थराचा प्रामाणिकपणा.
क्यू मोठा, तर घेतलं तेवढं पुढे देतो.
आणि म्हणाले, आधी वेळ दुरुस्त कर.
वाटेत कोण मागे पडलं, त्याला ओळीत आण.
त्यात काही बिघडत नाही.
आवाज वाढवताना बिघडतं.

मी ऐकलं नाही. गेलेलं सगळं परत हवं होतं मला.
मर्यादा काढून टाकली, रात्रभर चालवलं,
सकाळी पडदाभर साबुदाणा.
त्या गोंगाटात एका वरिष्ठांना तेलही दिसलं.

आता साहेब मांजलपूरला, चौऱ्याहत्तर वर्षांचे.
स गेला, श गेला, फ गेला,
सून काय म्हणते ते स्वरांवरून ओळखतात.
कानात यंत्र आहे. मी सेव-उसळ नेली,
पिशवीची गाठ सोडली तर त्यांनी दोन्ही कान झाकले.
"बघ," म्हणाले, "मर्यादा न घालता विकलंय मला."

*

आजोबांकडे दोन च होते.
एक चंद्राचा, एक चांदण्याचा.
बाबांकडे दीड.
मला दोन्ही ऐकू येतात; बोलताना, घाईत, एकच निघतो.
तोरलकडे एकच आहे. चंद्र, चांदणं, चमचा, चोर,
सगळे एकाच दारातून आत.
तीन पिढ्या रावपुऱ्यात, दारावर भाजीवाल्याशी गुजराती,
शाळेत तिसरंच काही.
कुणी काढून घेतला नाही तो च.
वाटेत मुरला.

एका रविवारी मी तिला समोर बसवलं.
जीभ दाताला लाव. हवा सोड. चांदणं.
ती म्हणाली. पुन्हा म्हण. म्हणाली.
पाचव्यांदा नीट आला, कोरा, धारदार,
माझाच ऊर भरून आला.
मग ती खिडकीशी गेली आणि तोच च
चंद्रालाही लावला. चारालाही. चहालाही.
दिवसभर.
आमच्या घरात कधीच नव्हते असे शब्द
घरभर फिरत राहिले.

मी बटण खाली केलं.

*

एकदा साहेबांना विचारलं होतं, थर खातात ते जातं कुठे?
उष्णता होते, म्हणाले.
किती?
त्यांनी चहाच्या कपाला हात लावून पाहिला, आणि हसले.
एवढीसुद्धा नाही.

म्हणजे त्या तंबाखूखालची माती
कुठल्याही थर्मामीटरला कळणार नाही इतकी
गरम झाली, माझ्या रेघांनी.
ते परत मागता येत नाही.

आज सत्तावीस नंबरची लाइन संपली.
वेळ दुरुस्त केली, शेवटच्या नमुन्यापर्यंत.
आवाज जेवढा सोसेल तेवढाच.
खालचा दगड पुसट दिसतो.
अहवालात मी 'पुसट' असंच लिहिलं.
साहेब असते तर शेरा मारला असता:
पण वेळेवर.