कोरा कागद

तळघराच्या दारावर एकच शब्द : कॅनन.
आत यंत्र कुठल्याही घराण्याचं असो,
उलानबातरमध्ये प्रत काढणं म्हणजे कॅननच,
जसं आपल्याकडे झेरॉक्स.

बाहेर उणे एकतीस.
कोळशाच्या धुरामुळे दुपारीच दिवे लागलेले.
त्सेरेंदुलाम दाराची मूठ धरण्याआधी
तिला किल्ली टोचते,
चट्‌ अशी ठिणगी उडते, मगच हात लावते.
"हवा कोरडी आहे. कागद एकमेकांना सोडत नाहीत,
नवीन लग्न झाल्यासारखे."
म्हणून कोपऱ्यात किटली दिवसभर रटरटते.
चहा निमित्ताला. वाफ यंत्रांसाठी.

सकाळी एकजण शाईचा प्रिंटर घेऊन आला,
घोंगडीत गुंडाळलेला, आजारी कोकरासारखा.
शाई म्हणजे शेवटी पाणीच, वाटेत थिजलेली.
"शेगडीजवळ नको. आपली आपण सुटू दे.
केसाहून बारीक भोकं असतात त्याला,
घाई केलीस तर किरमिजी कायमची रुसेल."
तो बाकावर बसला.
घरी जाऊन तरी काय, म्हणाला.

भाचा खुसलेन विचारतो,
ही काळी भुकटी कोरडी ठणठणीत,
मग कागदाला चिकटते कशी?
ती झाकण उघडते, हिरवा ड्रम काढते
आणि लगेच त्यावर स्वतःचा स्वेटर टाकते.
उजेड सोसत नाही त्याला.
"अंधारात याच्या सगळ्या अंगावर
भार चढवतात, विजेचा.
मग लेझर येतो
आणि अक्षर जिथे व्हायचंय
नेमका तिथला भार उतरवतो.
भुकटी जाऊन बसते
त्या हलक्या झालेल्या जागी.
खालून कागद तिला ओढून घेतो,
पुढे तापलेल्या रुळात ती वितळते, मुरते."
"म्हणजे मावशी, अक्षर म्हणजे..."
"म्हणजे काही नाही. तो ब्रश दे."

तीन वाजता तक्रार आली :
प्रत्येक पानावर काळा ठिपका, तोही तीनदा.
ती यंत्राला हात लावत नाही,
कागदावर पट्टी ठेवते.
चौऱ्याण्णव मिलिमीटर. पुन्हा चौऱ्याण्णव.
"ड्रम," ती म्हणते.
आतला प्रत्येक रूळ आपली जखम
आपल्याच घेराने परत आणतो,
अंतर मोजलं की नाव कळतं.
"कुणीतरी अडकलेला कागद
कात्रीने ओढलाय."
खुसलेन छताकडे बघतो.
छतावर काहीही नाही.

बंद करायच्या वेळी नोमुंदारी आली,
टेकडीवरच्या तंबूंतून, पायीच.
शिष्यवृत्तीचा अर्ज, एकेचाळीस पानं, उद्या शेवटचा दिवस.
यंत्रावर लाल दिवा : टोनर संपला.
"ते विकणाऱ्यांचं मत आहे,"
त्सेरेंदुलाम म्हणते,
कार्ट्रिज काढते, आडवं धरते,
पाळणा हलवावा तसं पाच वेळा डावी-उजवीकडे.
कोपऱ्यात साचलेलं सारखं होतं.
एकेचाळीसपैकी अडतीस काळीभोर,
शेवटची तीन जरा राखेरी,
पण वडिलांचं नाव वाचता येतं,
सहीची रेघ दिसते.

मुलीने हातमोजे काढले.
गठ्ठा आधी एका गालाला लावला,
मग दुसऱ्या.
तिने पैसे मोजले, दारापर्यंत गेली, परत आली.
"एक पान अजून काढता येईल का?"
"कशाचं?"
"कशाचंच नाही. कोरं."

बाकावरचा माणूस हसला.
त्सेरेंदुलामने काही न विचारता बटण दाबलं.
आत सगळं घडलं, जसं घडतं तसंच :
भार चढला, लेझर कुठेच थांबला नाही,
भुकटीला बसायला जागा मिळाली नाही,
रूळ मात्र तेवढाच तापला.
पान बाहेर आलं,
पांढरं, काठाशी किंचित वळलेलं.
मुलीने ते कोटाच्या आत सरकवलं,
छातीशी, आणि जिना चढून गेली.

यंत्राच्या मोजणीत एक पान वाढलं.
त्सेरेंदुलामने वहीत ते लिहिलं नाही.