ओल वजा जाता

मोहाडीच्या सोसायटीत
खताच्या गोण्या सरकवून त्यांनी मला जागा केली.
अकरा बाया, एक वही,
आणि भिंतीवर कंपनीने फुकट दिलेला बॉयलर,
कागदाचा, निळा, चकचकीत.

पुतळाबाई म्हणाल्या, सर, हाच घेऊ ना?

बॉयलर शेवटी, मी म्हटलं.
आधी सांगा, ऊब हवीय कोणाला?
सत्तावीस वर्षं भट्टीपुढे काढून
एवढंच शहाणपण शिल्लक आहे माझ्याकडे.

बेदाण्याची शेड, मार्च-एप्रिल.
मग टोमॅटो वाळवू.
मग?
श्रावणात?
पंखा गरगरत राहिला.
शून्य लिहा. लाजू नका,
बँकेचा साहेब ते शून्यच हुडकत येतो.

वीजपण करू की, नीता पिंगळ म्हणाली.
करता येते.
युनिटमागे दीड किलो कोरडं लाकूड
आणि रात्री दोनला उठून
डांबरलेली गाळणी धुणारं माणूस.
कोण उठेल?
बांगड्या वाजल्या, हात एकही वर नाही.
नीतानेच वीज खोडली,
दोनदा, म्हणजे वाचता येऊ नये.

मागे छाटणीच्या काड्यांचा ढीग,
मोरचुदाने अजून निळसर,
शेजारी बाभळीच्या ढलप्या.
दहा किलो तोलल्या.
यात चार किलो पाणी, मी म्हटलं.
ते तुम्ही विकत घेणार,
टेम्पोचं भाडं भरून आणणार
आणि वाफ करून आभाळाला दान देणार.

मी मीटर काढेस्तोवर
यमुना भोयेने, जी सकाळपासून गप्प होती,
दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या.
ही मुकी.
पत्र्याखालून दुसऱ्या दोन आणल्या.
टण्ण. ही बोलती.
मीटर म्हणाला, एक्केचाळीस.
मग, सतरा.
मी तो खिशात ठेवून दिला.

दिवेलागणीला वही भरली:
लाकूड, भाडं, हप्ता, दुरुस्ती, राख.
यमुनाने बोट ठेवलं.
काड्या कोण येचणार, ते कुठं लिवलंय?
आपणच की गं, पुतळाबाई हसल्या.
तेच इचारते. आपण कुठं लिवलोय?

माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.
भट्टीपर्यंत लाकूड यायचं,
मी फक्त झाकण उघडायचो.

कोणाच्या तरी पोराच्या दप्तरातून पट्टी आणवली.
पानावर जागा फारशी उरली नव्हती,
रकाना जरा अरुंदच पडला.